माझ्या बागेतल्या मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) ६.५ आहे. ब्लूबेरीची रोपं लावण्याआधी ती कशी तयार करू?

लागवडीच्या किमान सहा महिने आधी मातीत गंधकाची पूड मिसळा आणि सामू ४.५ ते ५.५ च्या दरम्यान आणा; बाकीचं सगळं त्यानंतर. एवढा वेळ लागतो कारण गंधक स्वतः आम्ल नसतं. मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू सल्फ्युरिक आम्ल करतात, तेही माती ओलसर आणि उबदार असेल तरच. मात्रा मातीच्या पोतावर ठरते: रेताड जमिनीला जेवढं गंधक लागतं, त्याच्या साधारण तिप्पट पोयट्याच्या जमिनीला, म्हणून अंदाजाने टाकू नका. सामू जास्त राहिला तर झाडाला लोह घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

ब्लूबेरीची मुळं बारीक, उथळ आणि मूळरोमांशिवाय असतात. त्यामुळे खड्ड्यात पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ; आधी नीट भिजवून, कोरडं असलं की पाणी धरतच नाही) भरपूर मिसळा, पाणी साचत असेल तर गादीवाफा करा आणि वर पाइनच्या सालीचं आच्छादन घाला. राख, चुना, ताजं शेणखत अजिबात नको.

मात्र माती चुनखडीची असेल तर हा खटाटोप वाया जातो. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर सरळ मोठ्या कुंडीत लावा.