ऑटोमॅटिक बीपी मशीन पेशंटला लावताना काय काळजी घ्यावी? आकडा दर वेळी वेगळा येतो, तो कितपत खरा मानायचा?

तुम्ही घरोघरी जाऊन वयस्कर पेशंट सांभाळता आणि मशीन तुमच्याच पिशवीत असतं, असं लिहिलंय. म्हणून आकड्याचं नंतर, आधी हाताचं सांगते.

मी चौदा वर्षं वॉर्डात नर्स आहे. बटण दाबायच्या आधी बाही वर करून हात बघते, कारण पेशंटला सांगायचं सुचतंच असं नाही. डायलिसिससाठी फिस्टुला (ऑपरेशन करून धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) असलेल्या हाताला पट्टा लावायचा नाही. एकदासुद्धा नाही. एका रात्री आमच्याकडे बदलीवर आलेल्या मुलीने झोपलेल्या आजोबांच्या नेमक्या त्याच हाताला पट्टा बांधला. सकाळी मी फिस्टुलावर बोटं टेकवली, तर रोजची घरघर लागेना. रक्त गोठून तो बंद पडला होता. पट्ट्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कुणी म्हणणार नाही, पण डायलिसिससाठी आजोबांना मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालून घ्यावी लागली. त्या दिवसापासून अशा पेशंटच्या उशाशी मी मोठ्या अक्षरात ‘डावा हात नको’ लिहून ठेवते.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हातही सोडा. सलाईनचा हात नको. पट्टा फुगला की सलाईन थांबतं आणि नळीत रक्त चढतं. ऑक्सिमीटर त्याच हाताच्या बोटाला असेल तर तो बोंबलायला लागतो आणि घरचे उगाच घाबरतात.

काही घरी भाड्याने आणलेला मॉनिटर असतो, ठरावीक वेळाने आपोआप बीपी घेणारा. ऑपरेशननंतर कुणीतरी पाच मिनिटांवर लावलेला असतो आणि तो तसाच राहतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या एका आजींच्या दंडावर सकाळी पट्ट्याच्या रुंदीएवढी लाल ठिपक्यांची पट्टी उमटलेली मी पाहिली आहे. पट्टा सतत आवळत राहिला तर नसेवर दाब येऊन बोटांना मुंग्याही येतात. म्हणून पेशंट स्थिर झाला की डॉक्टरांना विचारून वेळ वाढवा, आणि मधूनमधून पट्टा काढून कातडी बघा.

आता आकडा. हे मशीन डॉक्टरांसारखं आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सुटताना रक्तवाहिनीचे जे हेलकावे लागतात, त्यावरून वरचं-खालचं बीपी ते हिशेबाने काढतं. त्यामुळे पेशंट बोलला, हात थरथरला की आकडा चुकतो. नाडी एकसारखी नसेल तर फारच. आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी बघायची सवय लावा. ती वेडीवाकडी लागली तर मशीनच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडून हाताने पंप करायच्या यंत्रावर तपासून घ्या.

पट्ट्यातली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं. ब्लाउजची घट्ट बाही वर सारून तिच्याखाली पट्टा कोंबू नका, हात बाहीतून काढायला सांगा. दंड हृदयाच्या पातळीवर हवा, १० सेंटिमीटर खाली राहिला तर ७-८ आकडे वाढतात. लघवीला जाऊन येऊ द्या, पाच मिनिटं शांत बसवा. चहा, तंबाखू, मिश्री (हो, आज्या सांगत नाहीत, पण लावतात) यानंतर अर्धा तास थांबा. एकेका मिनिटाच्या अंतराने तीनदा घ्या, पहिला आकडा सोडून पुढच्या दोघांची सरासरी लिहा.

मशीन फुगतंय, सुटतंय, पुन्हा फुगतंय आणि शेवटी ‘एरर’ दाखवतंय, असं झालं तर आधी पेशंटकडे बघा. बीपी फार खाली गेलं तरी मशीनला हेलकावे सापडत नाहीत. हातपाय गार, घाम, हाक मारली तर नीट उत्तर नाही, असं असेल तर सेल बदलत बसू नका, १०८ ला फोन करा.