पावणेदोनला उड्डाण, पावणेसातला न्यूयॉर्क?

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला निघालेय, विमानप्रवास पहिलाच. तिकिटावर 26 नोव्हेंबरला पहाटे 1.45 ला मुंबईहून उड्डाण आणि त्याच दिवशी सकाळी 6.45 ला न्यूयॉर्क, असं आहे. अमेरिका पाच तासांवर कशी? आणि येतानाचा प्रवास दीड तासाने कमी का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, तिकीट बरोबर आहे. त्यावर निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोहोचायची न्यूयॉर्कच्या. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. पाचात साडेदहा मिळवा, साडेपंधरा तास होतात. तेवढा वेळ तुम्ही विमानात असाल. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे करतात, मग फरक साडेनऊ तासांचा उरतो. फोन करताना हे लक्षात ठेवा.

अंतर साधारण 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून डावीकडे सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान, आफ्रिकेवरून जाते, पण तो लांबचा रस्ता. भूगोल शिकवताना मी मुलांना पृथ्वीगोलावर दोरा ताणायला लावायचो. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर. दोरा घट्ट ओढला की तो आपोआप उत्तरेला सरकतो आणि नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा कॅनडात उतरतो. मुलं दोरा पुन्हा खाली आणून बघायची, तो पुन्हा वर जायचा. ही वाट नकाशातल्या सरळ रेघेपेक्षा दीड हजार किलोमीटरहून जास्त वाचवते. विमान नेमकं या दोऱ्यावरूनच जाईल असं मात्र नाही. वारा कसा आहे, कुठल्या देशाचं आकाश बंद आहे, हे बघून मार्ग ठरतो.

येतानाचा दीड तास वाऱ्याने वाचतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. जाताना हा वारा समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. एरवी ताशी नऊशेच्या आसपास जाणारं विमान पाठीशी दीडशेचा वारा असला तर जमिनीच्या हिशेबाने हजारावर जातं. वैमानिक येताना हा पट्टा मुद्दाम गाठतात, जाताना टाळतात.

एवढा वेळ बसून पाय सुजतात, म्हणून अधूनमधून उठून चाला, पाणी पीत राहा. रोजची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, आणि गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या ते डॉक्टरांना आधीच विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 26 ची पहाट म्हणजे आपल्या बोलण्यातली 25 ची रात्र. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे 25 ला रात्री पावणेअकरापर्यंत पोहोचायला हवं. सांगलीहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरायचीच असेल तर 24 ची धरा. 25 च्या रात्री बसलात तर वाटेतच विमान डोक्यावरून निघून जाईल.