वेल-बीइंगला मराठीत काय म्हणायचं, आणि ‘करमणे’ आलं कुठून

विट्याच्या एक शिक्षिका ताई एम.एड.च्या प्रबंधासाठी मुलांची एक प्रश्नावली मराठीत आणतायत, मुलं ११ ते १५ वयाची. त्यांनी विचारलंय की ‘वेल-बीइंग’ला कल्याण म्हणायचं, स्वास्थ्य म्हणायचं का सुस्थिती, आणि गाईड मॅडमनी ‘पौगंडावस्थेतील विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य’ असं शीर्षक दिलंय ते चालेल का.

ताई, शीर्षकात ‘सुस्थिती’ लिहा आणि मोकळ्या व्हा. कल्याण नको, कारण कल्याण आपलं दुसरं कुणीतरी करत असतं, समाजकल्याण खातं, महिला व बालकल्याण समिती, त्यात पोरगं नुसतं घेणारं असतं, त्याला स्वतःला कसं वाटतंय ते त्या शब्दात येतच नाही. आरोग्यही नको. आरोग्य म्हणजे रोग नसणं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली लागू झाली तिच्यात पहिल्याच कलमांच्या आधी लिहून ठेवलंय की नुसता रोग किंवा दुबळेपणा नसणं पुरेसं नाही, शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी माणूस नीट असायला हवा. म्हणजे आपला शब्द बरोबर तिथंच थांबतो जिथं ती व्याख्या सुरू होते.

पौगंडावस्था तर काढूनच टाका. हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्ण-बलराम पौगंड वयाचे झाले आणि वासरं सोडून गाई राखायला लागले असं येतं, आणि त्यावर टीकाकार हिशोब देतात तो असा की पाचपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर, पुढं यौवन. म्हणजे पौगंड हे तिसरी-चौथीतलं पोर. नारदस्मृतीवाले सोळापर्यंत ओढतात, पण तो कोर्टकचेरीचा हिशोब, सज्ञान कधी धरायचं त्याचा. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षं धरते, त्याला सरळ ‘किशोरवय’ म्हणा, सगळ्यांना कळतं. किशोर म्हणजे मुळात घोडीचं शिंगरू, अमरकोशात घोड्यांच्या यादीत आहे तो शब्द, माणदेशातले मेंढके बिऱ्हाड लादलेल्या घोडीबरोबर निघतात तेव्हा मागं-पुढं उधळत चाललेलं असतं ना, तेच. पण ते असू दे.

माझं खरं भांडण ‘स्वस्थ’शी आहे.

हल्ली जिकडं तिकडं ‘स्वस्थ बालक’, ‘स्वस्थ मन’, ‘आपण स्वस्थ आहात का’. हे हिंदीतून आलंय आणि आपण डोळे झाकून घेतलंय. हिंदीत स्वस्थ म्हणजे तब्येतीनं ठणठणीत. मराठीत स्वस्थ म्हणजे काय ते कुठल्याही आईला विचारा. ‘जरा स्वस्थ बस रे!’ चुळबुळ करू नको, हात लावू नको, गप बस. ‘तो नुसता स्वस्थ बसून आहे’ म्हणजे काहीच करत नाही. मला लगेच सुश्रुत ऐकवतात, ज्याचे दोष सम, अग्नी सम, आणि आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न तो स्वस्थ. श्लोक मला पाठ आहे, व्याख्या सुंदर आहे, मला तर ती जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येपेक्षा जास्त आवडते. पण सुश्रुत संस्कृतात लिहीत होता आणि आपण सातवीतल्या पोराला मराठीत विचारतोय. शब्द मराठीत येऊन हजार वर्षं राहिला की तो इथल्या घरचा होतो, त्याला परत माहेरचं नाव लावता येत नाही.

याचा परिणाम काय होतो ते मी बघितलंय. मागच्या ऊसतोडीच्या हंगामात एका संस्थेच्या पाहणीत मराठी तपासून द्यायला मला बोलावलेलं, वाळवा तालुक्यातली कृष्णाकाठची शाळा. प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल वाक्यं होती आणि त्यातलं एक, ‘मला स्वस्थ वाटले’, पुढं नेहमीपासून कधीच नाहीपर्यंत चौकोन. पहिल्या बाकावर एक अकरा वर्षांचा मुलगा, आईबाप बीडकडनं तोडीला आलेले, कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात. त्यानं ‘कधीच नाही’वर टिक केली. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं पोरगं खचलंय. मी त्याला विचारलं, का रं, कधीच नाही का? म्हणाला, “स्वस्त बसाया टाइमच न्हाई, शाळा सुटली की वाढं गोळा करायचं असतंय.” वाढं म्हणजे उसाचे शेंडे, जनावराला घालायला विकतात, त्याचे चार पैसे येतात. पोरानं अगदी खरं उत्तर दिलं होतं, आणि कागदावर ते मनानं खचलेल्या मुलांच्या रकान्यात जाऊन बसणार होतं.

मग मी साधं विचारलं, “हितं करमतंय का?”

पोरगं जरा थांबलं आणि म्हणालं, “दिसा करमतंय, शाळा हाय. सांच्याला न्हाई करमत. आजी गावाकडंच हाय.”

एका क्रियापदात त्यानं शाळा सांगितली, घर सांगितलं, कुणाची आठवण येते ते सांगितलं, दिवसातली अवघड वेळ कुठली तेही सांगितलं. ताई, तुमचा शब्द हा आहे. शीर्षकाचा नाही, प्रश्नाचा.

आता ‘करमणे’ आलं कुठून. आमच्याकडं साताऱ्यात संस्कृतचे एक जुने सर आहेत, त्यांचं म्हणणं ‘रमणे’वरून, जीव रमतो तेच करमतं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याही पुढचं फिरतं, ‘कर’ अधिक ‘मन’, मनासारखं कर म्हणजे करमणूक. दुसरं तर सोडूनच द्या, शब्द असे शिवणकाम करून होत नसतात. पण सरांचंही मला अजिबात पटत नाही आणि त्यांना मी तोंडावर सांगितलंय. रमणेच्या आधी तो ‘क’ आला कुठून? मराठीत क्रियापदाला पुढून ‘क’ चिकटवायची रीत कुठं आहे, दाखवा एक उदाहरण. आणि दुसरं म्हणजे, माणूस रमतो, मी रमतो, ती रमते. पण ‘मी करमतो’ असं कुणी म्हणतं का? नाही. मला करमतं. आणि त्याच्याही आधी, ‘वेळ करमत नाही’, ‘दिवस करमंना’. करमणारी ती वेळ असते! आपल्याला फक्त ते लागतं.

म्हणून माझं ठाम मत, हे ‘क्रमणे’ आहे. वाट क्रमणे, काळ क्रमणे, आणि मार्गक्रमण तर आजही भाषणात ऐकतो. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं. आपली जीभ जोडाक्षर सोडवून घेते, प्रसादाचा परसाद, प्रवासाचा परवास, व्रताचं वरत, भ्रमाचा भरम, तसं क्रमतंचं करमतं. वेळ करमत नाही म्हणजे वेळ पाऊलच उचलत नाही, तिथंच उभी राहते. नवीन सुनेला विचारा, बोर्डिंगात पहिल्यांदा सोडलेल्या पोराला विचारा, बरोबर हेच होतं, संध्याकाळ जाता जात नाही. मग हळूहळू वाक्यातली ‘वेळ’ गळली आणि ‘मला करमत नाही’ एवढंच उरलं.

आणि याला साक्षीदार आहे. विदर्भात करमत नाहीला ‘गमत नाही’ म्हणतात, ‘मले इथं गमत नाही’. गम् म्हणजे जाणं! गुजरातीत तर ‘मने गमे छे’ म्हणजे मला आवडतं. जाण्याच्या एका धातूवरून तिकडं जीव लागण्याचा शब्द झाला, चालण्याच्या धातूवरून इकडं झाला, हा योगायोग मी मानायला तयार नाही. ‘गंमत’सुद्धा मी याच घरातली धरतो. सरांनी यावर अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि बघा ना हे कुळ केवढं मोठं आहे, पराक्रम, आक्रमण, संक्रांत, त्रिविक्रम, सगळी क्रम्‌ची लेकरं, क्रांतीसुद्धा. ज्या मातीत क्रांतिसिंह नाना पाटलांनी प्रतिसरकार चालवलं तिथल्या पोराचं संध्याकाळी न करमणं आणि त्यांच्या नावातली क्रांती एकाच पावलाची आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी सदरबझारातून घरापर्यंत रस्ताभर हेच घोळवत आलो. आपण मात्र करमणुकीचं काय केलं, तिकीट लावून खेळ केला, सरकारनं तर त्यावर करमणूक कर बसवला, आणि मूळ क्रियापद घरात आईच्या तोंडी राहिलं.

आता संशोधनाकडं येतो, नाहीतर ताई म्हणतील माझा प्रश्न राहिला. मुलांना स्वतःलाच विचारायचं ही पद्धत आता जगभर रुळलीय. युरोपात १९८० च्या दशकापासून ११, १३ आणि १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी दर चार वर्षांनी होते, त्यात एक शिडी दाखवतात, खाली ० म्हणजे वाईटात वाईट आयुष्य, वर १० म्हणजे चांगल्यात चांगलं, तू कुठल्या पायरीवर. साधी वाटते, पण मी सांगितली त्याच शाळेत एका मुलीनं आठवर बोट ठेवलं आणि का विचारलं तर म्हणाली, “आठवीत हाय न्हवं.” शिडी म्हटलं की तिला इयत्ता दिसली. तेव्हा शिडी वापरणार असाल तर आधी दोन-चार मुलांना शेजारी बसवून, काय समजलं ते त्यांच्या तोंडून ऐका.

दुसरं, ८, १० आणि १२ वर्षांच्या मुलांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे, त्याच्या तिसऱ्या फेरीत ३५ देशांतली सव्वा लाखाहून जास्त मुलं होती. तिथं मुलांना घर, शाळा, मित्रमैत्रिणी, राहतो तो परिसर असं वेगवेगळं विचारतात. आणि पिसा नावाची जी १५ वर्षांच्या मुलांची चाचणी असते तिच्यातही गणित-वाचनाच्या जोडीला प्रश्न येतात, शाळेत मी आपला वाटतो का, परका वाटतो का, एकटं वाटतं का, मित्र पटकन होतात का. इंग्रजीत याला ‘सेन्स ऑफ बिलाँगिंग’ म्हणतात आणि आपले भाषांतरकार ‘आपलेपणाची जाणीव’, ‘संबद्धतेची भावना’ असं काहीतरी लिहितात. अहो, शाळेत करमतं का! घरी करमतं का, गल्लीत करमतं का, सुट्टीत करमतं का. जागा बदला, क्रियापद तेच ठेवा, पोराला काही समजावून सांगावं लागत नाही.

गाईड मॅडम म्हणतील उलट भाषांतर करून घ्या, म्हणजे मराठीचं परत इंग्रजी करायचं आणि मूळ वाक्याशी ताडून बघायचं. जरूर करा, पण त्यावर विसंबू नका, ‘स्वस्थ’ तिथं आरामात पास होतं. उलट भाषांतर करणारा शिकलेला असतो, त्याला हिंदी येतं, त्याला सुश्रुतही ठाऊक असतो, तो बरोबर मूळचाच इंग्रजी शब्द काढून देतो, आणि चूक होते ती पोराच्या बाकावर, जिथं हा गृहस्थ कधी गेलेलाच नसतो. ‘करमतं’चं उलट भाषांतर मात्र अडेल. अडू दे. टीप लिहा खाली चार ओळींची, परीक्षक वाचतील.

करमण्यात सगळं येतं असं मी म्हणत नाही. भूक, झोप, मार, भीती, अंगात ताकद वाटणं हे वेगळं विचारावं लागेल आणि त्याला ‘बरं वाटतं का’, ‘झोप लागते का’, ‘उठल्यावर ताजंतवानं वाटतं का’, ‘कुणाची भीती वाटते का’ असे सरळ शब्द आहेत. उत्तराचे चौकोनही बोलण्यातले करा: करमतच नाही, फारसं नाही, बऱ्यापैकी, छान करमतं. ‘अंशतः सहमत’ असलं काही सातवीच्या पोरापुढं ठेवू नका.

एक काम मात्र तुम्हालाच सांगतो ताई. तुमच्या पाहणीत आटपाडी आणि जत तालुक्यातल्या शाळा असतील तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्याकडं ‘गमत नाही’ कुणी म्हणतं का, किंवा आजी-पणजी म्हणायची का. जतला घरी कन्नड बोलणारी मुलंही बरीच, त्यांना करमतं का हे त्यांच्या घरच्या बोलीत कसं विचारतात तेही लिहून आणा, शब्द जसा ऐकाल तसाच, सुधारून नको.