‘आमच्यावर प्रयोग करणार का?’

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, उपचार सुरू झाले आणि डॉक्टर म्हणाले, “एक अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का?”, की घरात हमखास एकच प्रश्न निघतो: “आमच्यावर प्रयोग करणार का?” मिरज-सांगली भागात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव आहे. पलीकडून कर्नाटकातूनही लोक इथे विश्वासाने येतात. पण ‘संशोधन’ म्हटलं की तीच माणसं दचकतात. त्या भीतीला मी कधीच वेडगळ म्हणणार नाही. सहीचा कागद पुढे आला की माणसाने थबकायलाच हवं.

तासगाव तालुक्यातल्या एका मावशींची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरची द्राक्षबाग. मावशींचा घोटा मोडला, पाय प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर निघालं तरी डाव्या पोटरीची सूज उतरेना. कातडी ताणून चकाकत होती, बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरायला वेळ घ्यायचा. डॉपलर सोनोग्राफीत गुडघ्याखालच्या खोल शिरेत गुठळी दिसली. इंजेक्शनं झाली, वॉर्फरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, गोळी सुरू झाली. अभ्यासाचा प्रश्न साधा होता: पोटरीतल्या अशा गुठळीला गोळी सहा आठवडे पुरते, की तीन महिने द्यावी? कोण कुठल्या गटात जाणार हे संगणक ठरवणार होता, डॉक्टर नाहीत.

माझ्यासमोर तिघे बसले. माहितीपत्रक मावशींच्या मालकांच्या हातात, पेनही त्यांच्याच हातात. मुलाच्या हातात मोबाईल. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प.

मुलाने सुरुवात केली, “म्याडम, ही गोळी म्हणजे उंदराचं औषध हाय. हे बघा.”

खोटं नव्हतं ते. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला वाळका चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. चाऱ्यात असं काय आहे, याचा शोध विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. त्यातूनच पुढे वॉर्फरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांच्या उपचारासाठी मान्य झालं. मी मुलाला म्हटलं, “दादा, फरक मात्रेचा आणि तपासणीचा आहे. आयएनआर म्हणून रक्ताची तपासणी करायला सांगतात ना, ती त्यासाठीच. हा आकडा साधारण दोन ते तीनमध्ये राहिला पाहिजे. खाली गेला तर गुठळीचा धोका, फार वर गेला तर रक्तस्रावाचा.”

मग मावशी पहिल्यांदा बोलल्या. “गोळी घेतीया तरी गाठ तिथंच हाय म्हणत्यात. मग गोळीचा उपयोग काय ओ ताई?”

हा प्रश्न त्यांना केव्हापासून छळत असणार. गोळी गुठळी विरघळवत नाही, तिला वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर आपल्या गतीने करतं. प्लास्टरमुळे पाय हलला नाही, रक्त संथ झालं, इजाही झालेली होती. गुठळी धरायला ही दोन कारणं पुरेशी ठरू शकतात, हे जर्मन डॉक्टर फिरखो यांच्या काळापासून, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं माहीत आहे. भीती असते ती गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याची. एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं, तर अभ्यासात असा वा नसा, तडक दवाखाना गाठायचा. हे मी त्यांच्याकडून परत वदवून घेतलं.

“पण हे सगळं कळलं कसं?” मालकांनी विचारलं. तेव्हा मी त्यांना इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा अभ्यास सांगितला. फुप्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णांना रक्त गोठू न देणारं औषध द्यावं की नाही, याबद्दल १९६० पर्यंत नीट पुरावाच नव्हता. बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी रुग्णांचे दोन गट केले. औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण फुप्फुसातल्या गुठळीने गेले. औषध मिळालेल्या १६ जणांपैकी त्या कारणाने एकही गेला नाही. फरक इतका उघड होता, की त्यानंतर त्यांनी औषधाविना गट ठेवलाच नाही. त्या १९ जणांची आठवण मला प्रत्येक वेळी येते. मावशींच्या गोळीमागे तीही माणसं आहेत.

काय निरुपयोगी आहे, तेही अभ्यासातूनच समजतं. गुठळीनंतर पाय कायमचा सुजरा राहू नये म्हणून घट्ट मोजे वर्षानुवर्षं सरसकट घालायला सांगत. कॅनडा-अमेरिकेतल्या ८०६ रुग्णांच्या अभ्यासात, २०१४ मध्ये, या मोज्यांनी तो त्रास टळत नाही असं दिसलं. सूज-ठणक कमी वाटत असेल तर घालावेत, पण न परवडणारे मोजे घेतले नाहीत म्हणून कुणी स्वतःला दोष देऊ नये.

मालक सही करायला वाकले. मी थांबवलं. रुग्ण शुद्धीत आहे, समजून घेऊ शकते, तर संमती तिचीच. नवरा, मुलगा, डॉक्टर, कुणीही तिच्या वतीने ‘हो’ म्हणू शकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात: माहिती समजेल त्या भाषेत, सहभाग स्वखुशीने, कधीही बाहेर पडायची मोकळीक, आणि नकार दिला तरी उपचारात उणेपणा नाही. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत. मालक जरा नाराज झाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. घरातल्या सगळ्या कागदांवर तेच सही करत आले होते.

मी मावशींना म्हटलं, “आता तुम्ही मला सांगा, या अभ्यासात काय होणार आहे?” ही माझी नेहमीची पद्धत. नुसती मान डोलावली तर ती मी संमती धरत नाही. मावशींनी सांगितलं, अडखळत पण बरोबर. आणि विचारलं, “सहाव्या आठवड्याला गोळी बंद झाली नि गाठ वर सरकली तर?” पत्रकात उत्तर होतं: त्या गटाची ठरावीक दिवसांनी डॉपलर होणार, गुठळी वाढताना दिसली तर लगेच गोळी परत सुरू. रात्री-अपरात्री फोन करायचा नंबरही होता. तो मी मुलाला तिथेच लावून बघायला सांगितला. पलीकडून उचलला गेला.

पत्रक घेऊन ते घरी गेले. मी कुणालाच त्याच बैठकीत ठरवायला सांगत नाही.

पुढच्या खेपेला मावशी आधी आत आल्या, मालक मागून. “मी न्हाई घेणार भाग,” त्या म्हणाल्या. “भ्या वाटतंय म्हणून न्हवं. छाटणी तोंडावर आलीया. जादाच्या तपासण्यांना मिरजेला फेऱ्या मला जमायच्या न्हाईत, आन् निम्म्यात सोडलं तर त्यांचाबी हिशेब बिघडंल.”

मला मनापासून बरं वाटलं. असे अभ्यास व्हावेत, आपल्या भागातल्या लोकांवर व्हावेत, असं मला कळकळीने वाटतं. तरी समजून दिलेला नकार मला घाबरून दिलेल्या होकारापेक्षा मोलाचा वाटतो. अभ्यासाच्या डॉक्टरांनी नकार नोंदवला, चेहऱ्यावर आठी न आणता त्यांनीच मावशींना तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आयएनआरची पुढची तारीख कार्डावर घातली. निघताना मावशींनी विचारलं, आमच्या जावेलाही असंच झालंय, तिला या अभ्यासाबद्दल सांगू का? मी म्हटलं, जरूर सांगा, पण ठरवू द्या तिचं तिला.