छोट्या रोमँटिक सस्पेन्स कादंबऱ्या वाचाव्यात का? त्यांचा शेवट नेहमी का फसतो?

तुम्ही लिहिलंय की रोजच्या लोकलच्या प्रवासात दीड-दोनशे पानी रोमँटिक सस्पेन्स वाचायची सवय लागलीय, निम्म्यापर्यंत पुस्तक हातातून सुटत नाही, आणि संपल्यावर मात्र कोणीतरी गंडवल्यासारखं वाटतं. दोष तुमचा की पुस्तकाचा, आणि तरी वाचत राहावं का?

राहा की वाचत. दोष बहुतेक वेळा पुस्तकाचाच असतो. फक्त तुम्ही तो शेवटच्या वीस पानांत शोधताय, आणि तो पन्नासाव्या पानाच्या आसपासच होऊन गेलेला असतो.

माझी आत्या बडोद्याला, दांडिया बाजारातल्या वाड्यात, पुढच्या खोलीत वाचनालय चालवायची. वाचनालय म्हणजे तीन लाकडी मांडण्या, एक स्टूल आणि देवघेवीची वही. शाळा सुटली की वही माझ्याकडे. पहिल्या मांडणीवर रहस्यकथा: बाबूराव अर्नाळकर (एकट्यांच्याच हजारावर, त्यामुळे मांडणी कधी रिकामी पडायची नाही), गुरुनाथ नाईक, पुढे सुहास शिरवळकर. त्या पुरुष आणि कॉलेजची पोरं न्यायची. दुसरीवर कौटुंबिक आणि प्रेमाच्या, त्या बायकांच्या. म्हणजे वहीत तरी तसंच दिसायचं. कितीतरी बायका रहस्यकथा न्यायच्या आणि "यांच्या नावावर लिही गं" म्हणायच्या. तिसऱ्या मांडणीच्या कोपऱ्यात दहा-पंधरा पुस्तकं अशी होती की आत्याला ती धड इकडे ठेवता यायची ना तिकडे. खूनही आहे, प्रेमही आहे. वाचणाऱ्या त्यांना 'दोन्हीतलं' म्हणायच्या. "ताई, दोन्हीतलं काही आलंय का?" मला अजूनही रोमँटिक सस्पेन्सपेक्षा हाच शब्द जास्त नेमका वाटतो.

त्यातलं एक पुस्तक मी नववीत असताना वाचलं. पुठ्ठ्याची बांधणी, दोरा आरपार मारलेला, त्यामुळे आतल्या समासाकडची अक्षरं शिवणीत गेलेली. एका डोंगरावरच्या बंगल्यात म्हातारे मालक वारलेत, सामानाची यादी करायला शहरातून एक मुलगी येते. बंगल्यात मालकांचा पुतण्या, एक वकील, एक स्वयंपाकीणबाई. मृत्यू सरळ नव्हता हे हळूहळू कळत जातं, आणि तिकडे तिचं मन पुतण्यात गुंतत जातं. वाचता वाचता ४१व्या पानावर आले तर समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'पुतण्या नाही. वकील.' त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात: 'मेल्या, तुला कोणी विचारलं होतं?' त्याखाली तिसऱ्या, बारीक आणि नीटस अक्षरात: 'तरी वाचा.'

मला रडू यायचं बाकी होतं. खोडरबर घेऊन आत्याकडे गेले, तर ती म्हणाली, "आता खोडून काय उपयोग, तुला कळलंय ना? वाच पुढे."

वाचलं. पुढे एका रात्री पुतण्या तिच्या खोलीच्या दारात दुधाचा पेला घेऊन येतो. दूध केशराचं आहे, वर साय धरलीय, पेला गरम म्हणून त्याने तो पंचाच्या टोकाने धरलाय. ती घेते. तो गेल्यावर ती पेला खिडकीत ठेवून बराच वेळ बघत बसते. मग अर्धं दूध कुंडीत ओतते. आणि उरलेलं अर्धं पिते.

दुधात काही नाही हे मला ४१व्या पानापासून ठाऊक होतं. तरी माझा घसा कोरडा पडला होता. खुनी कोण ही भीती मुळी नव्हतीच. हिने विश्वास ठेवला तर काय आणि नाही ठेवला तर काय, ही होती. दोन्हीतलं जमतं ते इथे. प्रेमातला प्रश्न आणि रहस्यातला प्रश्न एकच असावा लागतो: या माणसाचं खरं मानायचं का? मग एका पेल्यात दोन्ही कथा पुढे सरकतात आणि पानं कमी लागतात. प्रश्न दोन वेगवेगळे असले की दीडशे पानांत दोन संसार मांडायचे, आणि दोन्हींना भांडी अपुरी.

याचं मूळ घराणं इंग्रजीतलं, जुन्या गॉथिक कादंबऱ्यांचं. मोठं घर, नवखी मुलगी, घुम्या मालक. दाफ्ने द्यु मोरिए यांच्या १९३८ सालच्या 'रेबेका'त तर नायिकेला शेवटपर्यंत नावही नाही, आणि नवऱ्याच्या मनात कोण आहे हेच तिच्यासाठी रहस्य आहे. (ते पुस्तक छोटं नाही, पण मुद्दा तोच.) १९६० पासून एलिनॉर हिबर्ट 'व्हिक्टोरिया होल्ट' या टोपणनावाने लिहू लागल्या आणि तशा पुस्तकांची लाटच आली. मुखपृष्ठं ठरलेली: मागे काळोखी हवेली, एकाच खिडकीत दिवा, आणि झुळझुळीत कपड्यात पळत सुटलेली बाई. ती पुस्तकं मी कॉलेजात असताना आमच्या बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीतून आणून वाचली. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून उभी केली ती लायब्ररी. लोखंडी रॅकचे मजले आणि पायाखाली जाड काचेच्या फरशा, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. असली पुस्तकं आणायला याहून बरी जागा नाही.

त्या जुन्या पुस्तकांत संशय थेट नायकावरच असायचा. मग हार्लेक्विन या कॅनडातल्या प्रकाशनाने १९८४ साली 'इन्ट्रीग' ही स्वतंत्र मालिका काढली. पुस्तक साधारण ५५,००० शब्दांचं, म्हणजे आपली दोनशे पानं. अशा मालिकांतला नायक बहुतेक करून पोलीस, माजी सैनिक, अंगरक्षक. तो पहिल्या पानापासून भलाच असतो, कारण मुखपृष्ठावर तोच आहे आणि शेवट गोड करण्याचा शब्द वाचकाला आधीच दिलेला आहे. इथे विश्वासाचा प्रश्नच उडाला. त्याच्या जागी काय आलं? 'मी हिच्या रक्षणाला आलोय, प्रेमात पडून चालणार नाही.' हे वाक्य एका पुस्तकात मी नऊ वेळा मोजलंय.

गोड शेवट आधीच माहीत असण्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. सत्यनारायणाच्या कथेतल्या कलावतीचं काय होणार हे आपल्याला पाठ आहे. नवरा आला हे ऐकून ती प्रसाद न घेता धावते, आणि नवरा नावेसकट गडप. ती त्याच्या पादुका घेऊन मरायला निघते. तो परत येणार हे माहीत असूनही दरवर्षी त्या जागी कोणीतरी बाई पदर सावरून पुढे सरकतेच. मी तर म्हणते, आपल्याकडचं सगळ्यात छोटं दोन्हीतलं तेच.

आता तुमच्या फसण्याकडे. छापखान्याच्या भाषेत एक फर्मा म्हणजे १६ पानं. दहा फर्म्यांचं पुस्तक धरलं तर १६० पानं. त्यात दोघांची ओळख, आकर्षण, भांडण, समेट हे सगळं हवं. मग रहस्याला माणसं पुरवायची कुठून? नायक-नायिका खुनी असू शकत नाहीत. उरले तीन-चार: मैत्रीण, साहेब, शेजारी, जुना नोकर. माझ्या जाऊबाई हा हिशेब इतक्या सहज करतात की धागेदोरे वाचतच नाहीत. त्यांचं म्हणणं, "ज्याला आडनाव दिलंय आणि काम काही दिलेलं नाही, तो." आम्ही सेव-उसळीची पैज लावतो. बहुतेक वेळा पैसे मीच देते.

खुनी ओळखू येणं हा लांबीचा दोष, तो मी माफ करते. माफ न होणारा दुसरा. पन्नासाव्या पानाला हल्ला होतो, नायक तिला घेऊन कुठल्याशा सुरक्षित फार्महाऊसवर जातो. पाऊस, शेकोटी, एकच पलंग. पुढची चाळीस-पन्नास पानं तपास ठप्प. खुनी बिचारा बाहेर ताटकळत उभा. या पानांत त्याचा हेतू पेरला गेला असता तर शेवटी कामाला आला असता. तो पेरलेला नसतो, म्हणून मग १५०व्या पानाला पिस्तूल रोखून त्याला स्वतःच तीन पानं भाषण करावं लागतं: तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांना कसं बुडवलं वगैरे. मग झटापट, मग इस्पितळ, मग लग्नाची मागणी. तुम्हाला गंडवल्यासारखं वाटतं ते या भाषणामुळे. पण चूक शेकोटीपाशी झालेली असते.

चार दिवसांतलं प्रेम हीही एक अडचण. सोमवारी ओळख, शुक्रवारी जन्माची गाठ. यात काहीच तथ्य नाही असंही नाही. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या एका झुलत्या पुलावर प्रयोग केला. हलणाऱ्या, उंच पुलावरून आलेल्या पुरुषांनी तिथे भेटलेल्या बाईला नंतर फोन करण्याचं प्रमाण साध्या, मजबूत पुलावरच्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. भीतीची धडधड त्यांनी तिच्या खात्यावर जमा केली, असा त्याचा अर्थ लावला गेला. या कादंबऱ्या दोनशे पानं त्याच पुलावर उभ्या असतात. चांगली लेखिका निदान एक प्रकरण दोघांना पुलावरून उतरवते: भाजी आणायला पाठवते, कोणाची तरी वाट बघत कंटाळू देते. कंटाळ्यात टिकलं तर मला पटतं.

आणखी एक सांगायलाच हवं. नायक 'तुझ्या भल्यासाठी' तिचा फोन काढून घेतो, न विचारता घरात शिरतो, गाडीतून मागे मागे फिरतो. नववीत असताना मला यात शहारा यायचा. आता घरात वीस वर्षांची मुलगी आहे आणि २०१३ पासून आपल्याकडे पाठलाग हा कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. अशी पानं मी वगळत नाही, पण वाचताना त्या नायकाला मनातल्या मनात आमच्या वाड्यातल्या बायकांसमोर उभा करते. पुढचं त्या बघून घेतात.

निवडताना काय बघायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नका, तो सगळ्यांचा सारखाच असतो. दुकानात असाल तर सरळ पन्नासावं पान उघडा. (फोनवर असाल तर फुकट मिळणाऱ्या पानांतलं शेवटचं.) दोघं एकमेकांपासून काही लपवतायत का बघा. त्याने तिला एखादी गोष्ट सांगितलेली नाही, किंवा तिने त्याच्या खिशातली चिठ्ठी बघितलीय आणि गप्प आहे, असं काही असेल तर घ्या. दोघं मिळून तिसऱ्यापासून लपून बसलेत असं दिसलं की ठेवून द्या. शेकोटी जवळच आहे.

आत्या गेल्यावर वाचनालय बंद झालं. मांडण्यांसकट सगळं पस्तीवाल्याने नेलं, पुस्तकं किलोवर. ते बंगल्याचं पुस्तक मी आधीच काढून ठेवलं होतं. गेल्या दिवाळीत जाऊबाईंनी ते मागून नेलं आणि दोन दिवसांत परत दिलं, काही न बोलता. परवा सहज उघडलं तर ४१व्या पानावर त्या तीन ओळींखाली चौथी ओळ आहे, बॉलपेनने: 'वकिलाला आडनाव होतं. पान १२.'