नकाशात जमीन, होडीखाली झाडं

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सहा आठवडे कंबोडियातल्या टोन्ले सॅप सरोवरावर फील्डवर्कला जाणार आहे. विषय आहे पाणथळ जागा आणि मासेमारांची शाश्वत उपजीविका. काठावरच्या जंगलातले पाहणीचे प्लॉट नकाशावर आखून झालेत, साठ प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे. ताई, तुम्ही तिथे काम केलं आहे, आणखी काय तयारी करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी हे बघ, तुझा नकाशा कोणत्या महिन्याचा आहे? माझा एप्रिलचा होता आणि मी पोचले सप्टेंबरात. पावसाळ्यात मेकाँग फुगते, तिचं पाणी टोन्ले सॅप नदीत शिरतं आणि ती नदी चक्क उलटी, सरोवराकडे वाहू लागते. कोरड्या दिवसांत अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचं सरोवर मग चौपट-पाचपट पसरतं. मीटरभर खोलीची आठ-नऊ मीटर होते. जीपीएसनं दाखवलेल्या माझ्या पहिल्या प्लॉटवर पोचलो तर सगळीकडे पाणी, वर चार-दोन शेंडे. नावाडी म्हणाला, "झाडं आहेत की, होडीखाली." मग बांबूनं खोली मोजत आठवडा काढला. मार्गदर्शक वैतागले, पण पुढे त्याच नोंदी सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पहाटेही मोज. होडी न्याहारीनंतर मिळायची म्हणून मी रोज अकराला मोजायचे. आकडे झकास यायचे! रात्रभर पाण्यातलं सगळंच श्वास घेतं, बुडालेल्या जंगलातला पाचोळा कुजताना आणखी ऑक्सिजन खातो, त्यामुळे खरा तुटवडा दिसतो तो उजाडताना.

प्रश्नावली निम्मी कर. 'महिन्याचं उत्पन्न' तर काढूनच टाक. पाणी ओसरू लागलं की मासळी भरभरून मिळते, वर्षाचं प्राहोक (आंबवलेली मासळी) तेव्हाच घालून ठेवतात, बाकीचे महिने ओढाताणीचे. त्यापेक्षा उसने कधी घेता आणि कधी फेडता, हे विचार. 'जंगल तोडता का?' याला कोण हो म्हणेल? मासे धुरावर वाळवायला लाकूड कुठून येतं, एवढंच विचार आणि गप्प बस. म्हाताऱ्या माणसांना २०१२च्या आधीचं विचार. त्या वर्षी सरकारनं मासेमारीचे मोठे ठेके रद्द केले. त्यानं कुणाचं भलं झालं, यावर दोन शेजाऱ्यांचंही एकमत होत नाही, ते भांडण जसंच्या तसं लिहून घे. 'शाश्वत' हा शब्द मात्र तुझ्या प्रबंधातच राहू दे.

प्रेक तोआलच्या अभयारण्यात जाशील तेव्हा करकोचे, पेलिकन यांची घरटी दिसणार नाहीत, तो कोरड्या ऋतूतला कार्यक्रम. तिथल्या रक्षकांतले काहीजण पूर्वी पक्ष्यांची अंडी गोळा करायचे. पक्ष्यांबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. फक्त लाकडाबद्दलच्या मुलाखतींना रक्षकाला दुभाषा म्हणून नेऊ नकोस, समोरचा माणूस फक्त मान डोलावेल.

शेवटचे चार दिवस मोकळे ठेव आणि जमवलेलं सगळं गावात वाचून दाखव. मी माझी यादी वाचली तेव्हा एका आजीनं मला दोनदा थांबवलं. मी दोन वेगळे मासे म्हणून लिहिले होते, ते एकाच माशाचं पिल्लू आणि मोठा मासा निघाले.