सिस्को राउटरवर जुनी फाइल कॉपी केली, तरी चुकीच्या ओळी का जात नाहीत?

तुम्ही मागच्या आठवड्याची फाइल फ्लॅशमधून (राउटरच्या कायमच्या मेमरीतून) रनिंग-कॉन्फिगवर, म्हणजे राउटर आत्ता ज्या सेटिंगवर चालतोय त्यावर, कॉपी केलीत, एररही आला नाही, तरी काही साइट उघडतात आणि काही नाहीत. फाइल ठीक आहे, चुकली आहे ती कमांड.

रनिंग-कॉन्फिगवर कॉपी म्हणजे बदली नव्हे, भर. फाइलमधली एकेक ओळ कोणीतरी टाइप करतंय असं समजून आयओएस (सिस्को राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) ती वाचतं. होस्टनेम किंवा इंटरफेसचा आयपी एकच असतो, म्हणून तिथे जुनं परत येतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण काल कोणी १०.१.१.६ कडे जाणारा डिफॉल्ट रूट (दुसरा मार्ग माहीत नसलेल्या ट्रॅफिकची वाट) घातला असेल आणि फाइलमध्ये १०.१.१.२ चा असेल, तर आता दोन्ही आहेत. दोघांचं डिस्टन्स (रूटची पसंती ठरवणारा आकडा) १, त्यामुळे राउटर ट्रॅफिक दोन्हीकडे वाटतो आणि चुकीच्या वाटेला लागलेलं पोचत नाही. तुमचं लक्षण बघता मला हाच संशय आहे. 'शो आयपी रूट स्टॅटिक' बघा.

असाच आणखी एक फसवा प्रकार: चालू इंटरफेसखाली 'नो शटडाउन' ही ओळ फाइलमध्ये छापलीच जात नाही. म्हणून काल बंद केलेला पोर्ट कॉपीने उघडत नाही.

तुम्हाला हवी ती कमांड 'कॉन्फिगर रिप्लेस'. ती फाइल आणि रनिंग-कॉन्फिग ताडून पाहते आणि फक्त फरकाच्या ओळी काढते-घालते. फाइल मात्र पूर्ण हवी, शेवटच्या 'एंड'सकट. चार ओळींचा तुकडा दिलात तर बाकीचं सगळं उडेल.

आधी फरक बघा:
शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस फ्लॅश:जुनी.सीएफजी सिस्टिम:रनिंग-कॉन्फिग
अधिक चिन्हाच्या ओळी जाणार, वजा चिन्हाच्या परत येणार. तुम्ही ज्या लिंकवरून लॉगिन आहात तिची ओळ यात आहे का, हे नीट वाचा.

लांबून काम करत असाल तर 'रीलोड इन १०' लावा, म्हणजे संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. सेव्ह करू का असं विचारलं तर 'नो' म्हणा, नाहीतर आत्ताची खिचडी स्टार्टअपमध्ये (रीस्टार्टला वाचल्या जाणाऱ्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगमध्ये) जाईल. मग:
कॉन्फिगर रिप्लेस फ्लॅश:जुनी.सीएफजी लिस्ट
'लिस्ट'मुळे लागू झालेल्या ओळी स्क्रीनवर दिसतात. सगळं चालतंय याची खात्री झाली की लगेच 'रीलोड कॅन्सल', आणि त्यानंतरच 'राइट मेमरी'.

पुढच्या वेळेसाठी 'आर्काइव्ह'खाली 'पाथ फ्लॅश:बॅकअप', 'मॅक्सिमम १०' आणि 'राइट-मेमरी' एवढ्या तीन ओळी घालून ठेवा. दर सेव्हला एक प्रत आपोआप पडते.

स्विचवर हेच करणार असाल तर व्हीटीपी (स्विचेसमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारा प्रोटोकॉल) सर्व्हर मोडमधले व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचे आभासी भाग, 'व्हीलॅन.डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये असतात, कॉन्फिगमध्ये नाही. उडालेला व्हीलॅन रिप्लेसने परत येत नाही, तो हातानेच बनवावा लागतो.